गळ्यातलं मडकं आणि हातातला बॉल

गोदीत दुपारच्या सुट्टीत आमच्या टोळीतलं एखादं पोरगं मोबाइल पोत्याला टेकवून उभा करतं आणि आम्ही दहा-बारा जण डबा खाता खाता मॅच बघतो. बघतो म्हणजे ऐकतो. उन्हात त्या काचेवर काही दिसत नाही. कॉमेंट्रीवाला बोलत असतो : काय जिद्द! काय फायटिंग स्पिरिट! काय मेंटल टफनेस! कुणीतरी चाळीस रन करून अडीच तास उभा असतो. डोक्याला हेल्मेट, पायाला पॅड, मांडीला पॅड, छातीला पॅड. तासाभरानं पाणी येतं. पाणी आणणारा पळत येतो, पळत जातो. आणि इकडे आमच्यातला पन्नाशीचा एक गडी, सकाळपासून पाठीवर ओझी वाहून, सुकट-भाकर खाऊन, त्याच पोत्यांवर आडवा होतो. त्याला कुणी टफ म्हणत नाही. त्याला 'ए' म्हणतात.

मित्रांनो, हा लेख ह्या 'ए'बद्दल आहे. आणि क्रिकेटबद्दलही आहे.

आधीच सांगतो, मी क्रिकेटच्या विरोधातला नाही. मी बॉलर आहे. माझं गाव भंडारा जिल्ह्यात. धान कापून झालं की बांध्या रिकाम्या व्हायच्या. पायाला धसकटं टोचायची, जमिनीला भेगा, त्यात रबरी बॉल कुठंही उडायचा. आमच्या बौद्ध मोहल्ल्याची एक टीम, गावाची एक टीम. आमच्याकडे फळी, त्यांच्याकडे बॅट. मी पंधरा वर्षांचा असताना तालुक्याच्या टुर्नामेंटला गावाची टीम निघाली आणि त्यांना बॉलर कमी पडला. बोलावणं आलं. गेलो. पाच विकेट काढल्या. पाण्याची कळशी आली तेव्हा बाकीच्यांनी गिलास बुडवून घेतला. माझ्या वेळी एकानं गिलास वर धरला आणि म्हणाला, "ओंजळ कर." मी ओंजळ केली. प्यालो. परत बॉलिंगला गेलो आणि शेवटची विकेट काढली.

बक्षीस देणारा पुढारी पाठीवर थाप न मारता नुसताच बोलला : "पोट्ट्यात जिद्द आहे."

तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला आज लाज वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

जिद्द हा शब्द साधा नाही. तो कोण वापरतो, कुणासाठी वापरतो आणि कशासाठी वापरतो हे बघितलं पाहिजे. मुंबईच्या क्रिकेटला 'खडूस' म्हणतात, कौतुकानं म्हणतात. खडूस म्हणजे विकेट फेकणार नाही, समोरच्याला फुकट रन देणार नाही, हरताना पण दात रोवून उभा राहील. रणजी करंडक ४२ वेळा मुंबईनं जिंकला, त्यातला शेवटचा २०२४ साली आमच्या विदर्भाला हरवून. ह्या सगळ्याचं श्रेय खडूसपणाला. ठीक आहे. पण हाच खडूसपणा वस्तीतल्या पोरात आला की त्याचं नाव बदलतं. मग त्याला खडूस म्हणत नाहीत. मग म्हणतात : माज आला.

हे दोन शब्द लक्षात ठेवा. जिद्द आणि माज. अपमान गिळला की जिद्द. अपमान थुंकला की माज. सगळी गोष्ट ह्या दोन शब्दांत आहे. आता ती गोष्ट ऐका.

बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाड. जात चांभार. बाप लष्करात. पुण्यात साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, पिच झाडायची. पगार महिन्याला ३ रुपये. मग साहेबांच्या पूना क्लबात. पगार ४ रुपये. काम काय? रोलर ओढायचा, पिच आखायचं, जाळी लावायची आणि साहेबलोकांना सरावासाठी बॉल टाकायचे. ग्रेग नावाचा कॅप्टन होता, मोठा बॅट्समन. तो म्हणे बाळूनं आऊट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. बाळूनं त्याला तासन् तास बॉल टाकले. डावखुरा, हळू, बॉल वळवणारा. साहेबाला सराव झाला आणि बाळूचा हात तयार झाला.

पण आता हे बघा. पूना क्लबाच्या त्या सगळ्या वर्षांत बाळूच्या हातात बॅट एकदाही दिली गेली नाही. एकदाही नाही! बॅट मारायची ती साहेबानं. बॉल टाकायचा तो नोकरानं. बॅटिंग ही मालकी, बॉलिंग ही मजुरी. गोदीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माल कुणाचा आणि पाठ कुणाची, हे त्याला पहिल्या पाळीतच कळतं.

मग पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला साहेबांना हरवायचं होतं. त्यांना बाळू पाहिजे झाला. घेऊ की नको म्हणून वाद झाला, शेवटी घेतला. कारण धर्मापेक्षा मॅच मोठी. मैदानावर बाळूनं टाकलेला बॉल ब्राह्मण झेलायचा, बॉल विटाळत नव्हता. मैदानाबाहेर मात्र बाळू विटाळायचा. बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा प्यायचे. बाळूला बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. हातपाय धुवायचे तर क्लबातला एक अस्पृश्य नोकर कोपऱ्यात नेऊन त्याच्या हातावर पाणी ओतायचा.

हे पुणं. ज्या पुण्यात पेशवाईत आमच्या गळ्यात थुंकायला मडकं बांधलं होतं, त्याच पुण्यानं शंभर वर्षांनी ते मडकं गळ्यातून काढून हातात दिलं आणि त्यात चहा ओतला. ह्याला सुधारणा म्हणायचं.

पुढं प्लेगच्या काळात पालवणकर मुंबईला आले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं आणि त्या विजयाचा कणा बाळूची बॉलिंग होती. १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या हाताखाली हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. टीमनं मार खाल्ला. बाळूनं त्या दौऱ्यात शंभराच्या वर विकेट काढल्या. सगळ्या कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या ३३ मॅचमध्ये १७९ विकेट, एका विकेटमागे फक्त पंधरा धावा. कसोटी क्रिकेट आपल्या वाट्याला १९३२ साली आलं, तेव्हा बाळू छपन्न वर्षांचा झाला होता.

आणि इतकं करून हिंदू टीमचा कॅप्टन? कधीच नाही. वर्षामागून वर्षं गेली, कॅप्टन दुसरेच झाले. बॉलिंगला बाळू, डोकं चालवायला दुसरा. जसं गोदीत. ओझं उचलायला आम्ही, वही धरायला ते.

आज बाळूवर लिहिणारे लिहू लागले आहेत. २००२ साली रामचंद्र गुहांचं इंग्रजी पुस्तक आलं तेव्हापासून बाळूचं नाव पांढरपेशांच्या दिवाणखान्यात पोचलं. चांगलं झालं. पण हे वाचून कौतुक करणारे काय म्हणतात? म्हणतात, बघा, एवढा अपमान होऊनही कटुता नाही, गिळलं आणि बॉल टाकत राहिला, ह्याला म्हणतात मेंटल टफनेस!

थांबा. मातीच्या भांड्यात चहा पिण्याला तुम्ही टफनेस म्हणता, म्हणजे मातीचं भांडं देणाऱ्याला तुम्ही काय म्हणता? प्रशिक्षक? हे असं झालं की एखाद्याची पाठ चाबकानं फोडायची आणि मग म्हणायचं, काय कणखर पाठ आहे! आमच्या सोसण्याचं कौतुक करणारा माणूस आमचा मित्र नसतो. तो पुढच्या चाबकाची तयारी करत असतो.

पालवणकरांची खरी ताकद बघायची तर १९२० साल बघा. त्या वर्षी चौरंगी स्पर्धेत हिंदू टीमनं बाळूला वगळलं. वय झालं, बरं. पण कॅप्टनकी? बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल तेव्हा हिंदूंच्या सगळ्यात मोठ्या बॅट्समनपैकी एक होता. हो, बॅट्समन. ज्या घराला बॅट धरू दिली नव्हती त्या घराचा पोरगा बॅटिंगचा राजा झाला होता. तरी कॅप्टन केलं एम. डी. पैंना. पै आजारी पडले. आता तरी विठ्ठल? नाही. पुण्याच्या दि. ब. देवधरांना. देवधर मोठे खेळाडू, त्यात वाद नाही. पण विठ्ठल त्यांच्याआधीपासून हिंदूंकडून खेळत होता.

तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा भावांनी काय केलं? बाहेर पडले. खेळत नाही म्हणाले. आणि जाहीर सांगितलं की हा खेळातल्या गुणाचा प्रश्न नाही, जातीचा आहे.

मित्रांनो, ही ती इनिंग. ह्यात एक रन नाही, एक विकेट नाही, स्कोअरबुकात ओळ नाही. आणि ह्या एका न खेळलेल्या मॅचनं जे केलं ते शेकडो विकेटनी केलं नव्हतं. हिंदूंचा कारभार हलला. अंतिम सामन्याला बाळूला परत घेतलं, व्हाइस कॅप्टन केलं. पै मधेच मैदान सोडून बाहेर गेले आणि तेवढा वेळ का होईना, बाळूनं टीम चालवली. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू टीमचा कॅप्टन झाला आणि टीम जिंकली. ज्यांच्या बापजाद्यांनी सावली टाळली त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. विठ्ठलनं १९४८ साली मराठीत आपलं आत्मचरित्र लिहिलं, 'माझे क्रीडा-जीवन'. आपल्यातल्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? शाळेच्या पुस्तकात ते कधी होतं?

आता सांगा, १९२० साली त्या दोघा भावांना काय म्हटलं असेल? जिद्दी? अरे हट! माजच म्हटलं असेल. देव्हाऱ्यात जागा दिली तर डोक्यावर बसायला निघाले, असंच म्हटलं असेल. पण कॅप्टनकी माजानं मिळाली. जिद्दीनं मातीचं भांडं मिळालं होतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. वेस्ट इंडिजनं १९२८ साली कसोटी खेळायला सुरुवात केली. बॉल टाकणारे काळे, रन काढणारे काळे, आणि पूर्ण मालिकेसाठी काळा कॅप्टन कधी? १९६० साली, फ्रँक वॉरेल. त्याआधी बत्तीस वर्षं तिथल्या काळ्यांकडे टफनेस नव्हता काय? आणि महंमद अली! १९६७ साली त्यानं व्हिएतनामच्या युद्धाला जायला नकार दिला. किताब काढून घेतला, साडेतीन वर्षं रिंगणात पाऊल ठेवू दिलं नाही. ज्या काळात त्यानं एकही ठोसा मारला नाही, त्याच काळात तो सगळ्यात मोठा झाला. नकार देणाऱ्याला आधी उद्धट म्हणतात. मग तो म्हातारा झाला, त्याचे हात थरथरायला लागले, की त्याच्या हातात ऑलिंपिकची मशाल देतात.

आता आपल्या काळात या. कांजूरमार्गच्या वस्तीतून एक पोरगा आला, विनोद कांबळी. त्याची जात मला विचारू नका, मी घर सांगतो आहे. १९८८ साली शाळेच्या मॅचमध्ये सचिन तेंडुलकरबरोबर ६६४ ची भागी केली. त्यात सचिनचे ३२६, विनोदचे ३४९. १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोट्यांत दोन द्विशतकं. १७ कसोट्या, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी १९९५ साली, वय तेवीस. तेवीस! ह्या वयात माणसाला गोदीत नीट हुक धरता येत नाही. त्यानंतर तीस वर्षं आम्ही एकच प्रवचन ऐकतो : एकाकडे मनाची ताकद होती, दुसऱ्याकडे नव्हती. त्याच्या चुका झाल्या असतील. कुणाच्या होत नाहीत? पण दुसऱ्यांच्या चुकीला वाईट फॉर्म म्हणायचं, थांबायचं, परत संधी द्यायची, आणि वस्तीतल्याच्या चुकीला स्वभाव म्हणायचं, हा कुठला न्याय? हातातली बांगडी, कानातला डूल, नाचणं, सगळं त्याच्या हिशेबाला लावलं. पुन्हा तोच शब्द. माज.

आणि उलटी बाजू बघा. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा उमेश यादव २०११ साली कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला. छाती फुगली आमची. पण पेपरवाल्यांनी काय छापलं? खाणीतून मैदानात, जिद्दीची कहाणी. अरे, खाणीतून एक पोरगा वर आला हे छापता, खाणीत किती पोरं राहिली ते का छापत नाही? त्यांच्यात जिद्द नव्हती? का त्यांच्या वस्तीत मैदान नव्हतं, बूट नव्हते, स्टेशनपर्यंत जायला भाडं नव्हतं? एकाची जिद्द दाखवून हजारांचा हक्क बुडवायचा, हा ह्या देशातला जुना धंदा आहे.

इथं एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. नाही सांगितली तर हा लेख खोटा होईल. १९३२ साली पुणे करार झाला तेव्हा सह्या करणाऱ्यांत बाळू पालवणकर होता, गांधीच्या बाजूनं. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसनं बाबासाहेबांच्या समोर कुणाला उभं केलं? बाळूला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. दोन हजारांचा फरक.

मी बाळूला शिव्या द्यायला हे लिहीत नाही. ज्याला आयुष्यभर बाहेर बसवलं त्याला म्हातारपणी आत बोलावलं, तिकीट दिलं, माळ घातली, तर तो गेला. पण आपण शिकायचं ते शिकलं पाहिजे. मैदानावर लढवय्या असणं एक आणि लढ्यात असणं एक. बाळूची कणखरता खरी होती, पण ती त्यांनी वापरली. साहेबाला हरवायला वापरली आणि मग बाबासाहेबांना हरवायला वापरली. आपल्या ताकदीचा लगाम आपल्या हातात नसेल तर ती ताकद नाही, ती बैलाची मान आहे.

आणि हरण्याचं म्हणाल तर ते माझ्या जिल्ह्याला विचारा. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले. राखीव जागा, समोर काँग्रेस. बाबासाहेब हरले. घटना लिहिणारा माणूस राखीव जागेवर हरला! ती त्यांची शेवटची निवडणूक. माझा आजा तेव्हा बाविशीचा, पायी गावोगाव प्रचाराला हिंडलेला. मरेपर्यंत सांगायचा, "बाबासाहेब नाई हरले रे पोट्ट्या, भंडारा हरला."

स्कोअरबुक बघितलं तर १९५२ ला मुंबईत हार, १९५४ ला भंडाऱ्यात हार. कॉमेंट्रीवाला म्हणाला असता, फॉर्म गेला, आता निवृत्त व्हा. पण त्यांनी काय केलं? १४ ऑक्टोबर १९५६. भंडाऱ्याहून साठ किलोमीटरवर, नागपूरला. ज्या खेळाचे नियम मनूनं लिहिले, अंपायर त्यांचा, पिच त्यांचं, पाणी त्यांचं, तो खेळच खेळत नाही म्हणाले आणि लाखो माणसं घेऊन बाहेर पडले. मैदान बदललं. ही माझ्या लेखी ह्या देशातली सगळ्यात मोठी इनिंग. तिला जिद्द म्हणा, माज म्हणा, तुमच्या शब्दाची आता आम्हाला गरज नाही.

गरज का नाही तेही सांगतो. माझ्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. सुरेखा भोतमांगे नावाच्या बाईनं आपली जमीन राखली, पोरांना शिकवलं, मारहाणीच्या केसमध्ये पोलिसांत साक्ष दिली. गावानं त्याला माज म्हटलं. २९ सप्टेंबर २००६ ला सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर, चौघांना मारलं. कोर्टानं खून मानले, जात मानली नाही. भैयालाल भोतमांगे एकटा उरला आणि २०१७ साली मरेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. दहा वर्षांहून जास्त काळ होतो हा. कुठल्या कॉमेंट्रीवाल्यानं त्याचा मेंटल टफनेस मोजला?

म्हणून, शहरातल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही जे कॉलेजच्या टीमला जाता, ऑफिसच्या टीमला जाता, सोसायटीच्या टर्फवर भाडं भरून खेळता, तुम्हाला सांगतो. खेळा. जोरात खेळा. पण पाठ थोपटणाऱ्याचा हात बघून घ्या. तुमच्या सोसण्याचं कौतुक झालं की सावध व्हा. मैदान कुणाचं आहे ते विचारा. वही कुणाच्या हातात आहे ते विचारा. बॉल टाकायला बोलावलं तर विचारा, बॅट कधी? आणि उत्तर मिळालं नाही तर बाहेर पडायची ताकद ठेवा, विठ्ठल-शिवरामसारखी. एकट्यानं नाही, दोघं-चौघं मिळून. एकटा बाहेर पडला की तो रुसला म्हणतात. टीम बाहेर पडली की मॅच थांबते.

मागल्या दिवाळीत विदर्भ एक्सप्रेसनं गावी गेलो होतो. भाऊचा पोरगा आता पंधराचा आहे. डावखुरा आहे. त्याला गावाच्या टीमचं बोलावणं आलं होतं, बॉलर कमी पडला म्हणून. तो मला विचारायला आला, "काका, जाऊ का?"

मी म्हटलं, "जा. पण आधी विचार, बॅटिंगला कितवा नंबर. आणि पाणी गिलासात."

तो विचारून आला. ते म्हणाले, "लई माज आला का बे?"

पोरगा गेला नाही. त्याच्यासोबत मोहल्ल्यातली अजून तीन पोरं गेली नाहीत. त्या रविवारी टीम जमली नाही. संध्याकाळी आमच्या बांधीत चौघं खेळत होती, आणि पहिली बॅटिंग त्यानं घेतली.

जयभीम.